हंगामापुरती शेड

पंखाचा कणा चौदा फूट. माझी खोली अकरा.
उरलेले तीन फूट दारातून जिन्यात आले,
त्यावर खाडेकाकूंनी टॉवेल वाळत घातले.
त्या दिवसापासून जागा बघत हिंडते.

माधवनगरला बंद मागांचा कारखाना मिळत होता.
बंद म्हणजे निम्मा. उरलेले बारा माग
दिवसभर खडखडत होते, आणि इपॉक्सीला
चोवीस तास कुणी हलवलेलं चालत नाही.
मंगल कार्यालयाचा मॅनेजर म्हणाला, आषाढात या,
तुळशीच्या लग्नाआधी उठा.
हरिपुरात एकाने हळदीचं पेव दाखवलं,
वीस फूट खोल, कोरडं ठणठणीत.
आम्ही दोघंही वाकून आत बघत राहिलो.
"उतरवाल झकास," तो म्हणाला,
"वर काढायचं तेवढं बघा."

कुपवाडला मी लेथ चालवते.
लोखंड हाताला कळतं, लाकूड कळत नव्हतं.
म्हणून बरगडी घेऊन मिरजेत, नूरलाल सतारवाल्यांकडे.
म्हाताऱ्याने ती कानाशी धरली, नखाने टिचकी मारली.
"हा जोड बोलत नाही."
उकलून पाहिलं, गोंद आत पोचलाच नव्हता.
पैसे घेतले नाहीत. विचारलं फक्त,
"ह्याला तारा कुठे लागतात?"
शेपटीला, म्हटलं.
तेव्हा कुठे हसला.

मणेराजुरीची शेड त्याच्या भाच्याच्या
ट्रकवाल्याने सांगितली. बेदाण्याची.
दीडशे फूट लांब, वर पत्रा, बाजूंना हिरवी जाळी,
आणि वारा असा आरपार, जसा घरचाच.
मालकीण पद्मावती मगदूम. कमरेला किल्ल्या, हातात वही.
"काय करणार हितं?"
विमान.
"खरं?"
खरं.
"आवाज?"
अजून दोन वर्षं तरी नाही.
"माघ लागला की द्राक्षं येणार. तवा तुझं पाखरू भाईर."
भाडं: ग्रेडिंग मशीनची बेअरिंगं, दर दिवाळीला.

कोल्ड स्टोरेजचा माल निवडायला बायका यायच्या.
त्यांतली कस्तुरा. देठ, खडा, काळा दाणा,
बोलता बोलता वेगळा, हात न थांबता.
जेवणाच्या सुट्टीत ती कण्याजवळून गेली
आणि परत मागे आली.
"ही काडी बाद हाय."
कुठे?
बोट ठेवलं. मला काही दिसेना.
भिंग आणलं. केसाएवढी चीर, तिरकी आत गेलेली.
बोटीनं आलेलं लाकूड, माझे चार पगार,
वर तीन आठवडे रंधा.
रात्रभर त्याच्याशेजारी बसले.
टोकापासून फूटभरच तर होती.
कागदावर कसंबसं भागतही होतं.
सकाळी करवत घेतली आणि मधोमध कापला,
मलाच पुन्हा मोह नको.
कस्तुरा म्हणाली, "मी उगं बोलले गं."
तेव्हापासून प्रत्येक फळी आधी तिच्या हाताखालून जाते.

माघ लागला. क्रेट उतरू लागले.
पंख एकच झाला होता, डावा.
कापड बायकांनीच ताणलेलं, जाळी ताणतात तसं,
पायाचा अंगठा रोवून.
मी ट्रकवाल्याला फोन लावत होते
तर पद्मावतीबाईंनी वर पाहिलं, पत्र्याखालच्या कैच्यांकडे.
"वरची जागा कुणी मागितली न्हाई अजून."

सहा बायका, मी, दोन शिड्या.
पंख डोक्यावर गेला तेव्हा जाळीतून झुळूक आली
आणि क्षणभर कुणाच्याच हाताला वजन नव्हतं.
"सोडला का कुणी?" कस्तुरा ओरडली.
कुणीच सोडला नव्हता.

आता खाली घड वाळतात, थरावर थर.
गंधकाचा वास कापडात मुरेल. मुरू दे.
पद्मावतीबाईंनी वहीत नोंद केली,
सोनाका, बत्तीस क्रेट.
थॉमसन, एकोणीस.
आणि खाली, त्याच अक्षरात:
पंख, डावा, १ नग.
उजवा येणे बाकी.